नॉमिनी आणि वारस

बँकेतल्या माणसाला सिनेमाच्या पुरस्कारांवर बोलायचा काय अधिकार, असं कुणीही विचारील. परंतु मंडळी, पुरस्कारांचा सगळा हंगाम ज्या एका शब्दावर उभा असतो, तो शब्द सिनेमावाले वर्षातून एकदा उच्चारतात आणि आम्ही दिवसातून पन्नास वेळा. तो शब्द म्हणजे नॉमिनेशन. खातं उघडायला आलेल्या माणसाला आम्ही विचारतो, "काका, नॉमिनी कोण लावायचा?" काका दचकतात. आपण गेल्यावर पैसे कुणाच्या हातात द्यायचे, हे आपल्या तोंडावर विचारलं जातंय, एवढं त्यांना कळलेलं असतं. सिनेमात मात्र नॉमिनेशन झालं की माणसं पेढे वाटतात!

यातली कायद्याची एक मेख आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर टांगायचं आहे. नॉमिनी हा पैशाचा मालक नसतो. तो रक्कम हातात घेणारा विश्वस्त. मालक असतात ते वारस. ही गोष्ट काउंटरवर एकदा उच्चारली की दोन भाऊ आणि तीन मेहुणे यांच्यात जो संवाद सुरू होतो, तो कुठल्याही पुरस्कार सोहळ्यापेक्षा रंगतदार असतो. माझं म्हणणं एवढंच, की सिनेमाच्या पुरस्काराचंही असंच आहे. बाहुली ज्याच्या हातात पडते तो नॉमिनी. वारस वेगळे, आणि ते तिकीट काढून अंधारात बसलेले असतात.

माझा दुसरा अधिकार गावाचा. मी उदगीरचा. बक्षीस म्हणजे काय चीज असते, हे आमच्या गावाइतकं कुणाला माहीत नसेल. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला इथं हरवलं आणि साठ लाखांच्या आसपास उत्पन्नाचा मुलूख मिळवला. या यशाचं बक्षीस म्हणून त्यांना उत्तरेच्या मोहिमेचं नेतृत्व मिळालं. वर्ष पुरं व्हायच्या आत, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत झालं. तेव्हापासून उदगीरचा माणूस कुणाला बक्षीस मिळालं म्हणून लगेच हार घेऊन धावत नाही. "पुढचं पिक्चर बघू," म्हणतो.

परीक्षणाचंही आम्हांला थोडंफार कळतं. शेजारच्या देवणीचा गोवंश प्रसिद्ध आहे. जनावरांच्या प्रदर्शनात परीक्षक वळूचा खांदा बघतात, पाय बघतात, तोंड उघडून दात मोजतात. हरलेला मालक भांडतो जरूर, पण दातांच्या आकड्यावर भांडत नाही. नटाचे दात कोण मोजणार? आणि मोजले तरी त्यांतले मूळचे किती, हा वाद उरतोच.

असो. आता इतिहासाकडे वळू.

अमेरिकेतले ऑस्कर पुरस्कार पहिल्यांदा वाटले गेले १६ मे १९२९ रोजी, हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात. निकाल फेब्रुवारीतच जाहीर झालेले होते, त्यामुळे पाकीट फोडणं नाही, छातीत धडधड नाही, रडणं नाही. बक्षिसं वाटायला पंधरा मिनिटं लागली. आजचे सोहळे तासन्‌तास चालतात. पंधरा मिनिटांच्या कामाला चार तास कसे लागतात, हे मात्र बँकेतल्या माणसाने दुसऱ्याला विचारू नये.

आपल्याकडे यायला १९५४ साल उजाडावं लागलं. २१ मार्च १९५४ ला मुंबईच्या मेट्रो थिएटरात 'फिल्मफेअर'चा पहिला समारंभ झाला. २१ मार्च! म्हणजे इअर-एंडिंगच्या दहा दिवस आधी. पुरस्कारांना सुरुवातीला नाव होतं 'क्लेअर्स', क्लेअर मेंडोन्सा या दिवंगत चित्रपट समीक्षिकेच्या आठवणीसाठी. सगळे मिळून पुरस्कार पाच. चित्रपट 'दो बीघा जमीन', दिग्दर्शक त्याचेच बिमल रॉय, नट 'दाग'चा दिलीपकुमार, नटी 'बैजू बावरा'ची मीनाकुमारी आणि संगीत त्याच 'बैजू बावरा'चं, नौशादचं. पाच पुरस्कार, पाच बाहुल्या. कुणाला वाईट वाटायला फारसा वावच नव्हता.

तो वाव दिल्लीने त्याच वर्षी करून दिला. सरकारचे राष्ट्रीय पुरस्कार १९५४ मध्येच सुरू झाले आणि १९५३ सालच्या चित्रपटांतून राष्ट्रपतींचं पहिलंवहिलं सुवर्णपदक मिळालं ते आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला. मुंबईत पहिल्या आलेल्या 'दो बीघा जमीन'ला दिल्लीत गुणवत्तेच्या प्रमाणपत्रावर समाधान मानावं लागलं. वर्ष तेच, चित्रपट तेच आणि निकाल दोन! आमच्याकडे एकाच व्हाउचरचे दोन आकडे निघाले तर रात्री दहापर्यंत कुणी घरी जात नाही. सिनेमात मात्र दोन्ही आकडे बरोबर धरून सगळे जेवायला जातात.

पदक अत्र्यांनी घेतलं. ते घेण्यासारखेच होते. पण साने गुरुजी १९५० सालीच गेले होते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली त्यांनी लिहिलेली ती आई पडद्यावर आली आणि देशात पहिली आली, हे बघायला ते नव्हते. म्हणजे पहिल्याच वर्षी माझा सिद्धान्त लागू झाला. अत्रे नॉमिनी. वारस कोण? ज्या ज्या घरात ते पुस्तक वाचताना आईने डोळ्यांना पदर लावला आणि मुलांनी तो बघून न बघितल्यासारखं केलं, ती सगळी घरं.

पुढच्याच वर्षी अत्र्यांनी 'महात्मा फुले' काढला आणि मराठीसाठीचं राष्ट्रपतींचं रौप्यपदक मिळवलं. मराठी माणसाला वाटलं, आता काय, सुवर्णपदक दर दोन-चार वर्षांनी घरी येणारच. ते पुन्हा घरी यायला पन्नास वर्षं लागली. ती गोष्ट पुढे येतेच आहे.

पुरस्कारांची पहिली भानगड झाली ती रकान्यावरून. कुठल्याही छापील फॉर्मात तुम्हांला हवा तो रकाना नसतो, हा सृष्टीचा नियम आहे. 'चोरी चोरी'च्या संगीताबद्दल शंकर-जयकिशनना फिल्मफेअर मिळालं आणि १९५७ च्या समारंभात लता मंगेशकरांनी त्यातलं गाणं गावं असं ठरलं. लताबाईंनी नकार दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. संगीतकाराला बक्षीस आहे, मग गाणाऱ्याला का नाही? गाणाऱ्याचा रकानाच नव्हता! तो १९५९ साली छापला गेला आणि पहिलं बक्षीस 'मधुमती'साठी लताबाईंनाच मिळालं. याच बाईंनी पुढे १९७० च्या सुमाराला सांगून टाकलं, की आता माझा विचार करू नका, नव्या आवाजांना द्या. भांडून रकाना पाडून घ्यायचा आणि पोट भरल्यावर पंगतीतून आपण होऊन उठायचं, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमलेल्या मी तरी फार पाहिल्या नाहीत. पंगतीतून उठणारी माणसं आमच्या भागात तर आणखीच कमी.

बाकी अन्यायाची यादी करायला बसलं तर क्लोजिंगचं रजिस्टर पुरणार नाही. 'मुघल-ए-आझम'चंच घ्या. १९६१ साली उत्कृष्ट चित्रपटाचं फिल्मफेअर त्याला मिळालं, पण दिग्दर्शनाचं गेलं 'परख'च्या बिमल रॉयना. दिलीपकुमारला मिळालं ते सलीमसाठी नव्हे, 'कोहिनूर'साठी. आणि नौशादच्या त्या संगीताला मागे टाकून 'दिल अपना और प्रीत पराई' पुढे गेलं. आमच्या शाखेतले हेडकॅशियर ही हकीकत सांगताना आजही नोटा मोजायचे थांबतात. काउंटरसमोर रांग असते. रांगेतला कुणी तक्रार करीत नाही. उलट एखादं धोतर-टोपीतलं गिऱ्हाईक मागून विचारतं, "मग मधुबालेला काय दिले?" काहीच दिलं नाही, असं कळल्यावर सगळी रांग हळहळते. साठ वर्षांपूर्वीच्या निकालावर उदगीरच्या रांगेत हळहळ उठते, याला मी वारसाहक्क म्हणतो.

पण सगळ्यांत जिव्हारी लागणारी गोष्ट १९७३ ची आहे आणि ती ऐन नॉमिनेशनचीच आहे.

'पाकीजा' ४ फेब्रुवारी १९७२ ला लागला. चित्र इतकी वर्षं रेंगाळलं होतं, की त्याचे संगीतकार गुलाम मोहम्मद १९६८ सालीच वारले होते. मीनाकुमारीने प्रदर्शन पाहिलं आणि दोन महिन्यांत, ३१ मार्च १९७२ ला, तीही गेली. आम्हां बँकवाल्यांना ३१ मार्च वेगळ्या कारणासाठी लक्षात असतो. त्या तारखेला काय काय बंद होतं, याचा हिशेब कुठल्या लेजरात नसतो. पुढच्या वर्षी फिल्मफेअरच्या यादीत दोघांचीही नावं आली. बँकेत माणूस जातो आणि नॉमिनीला मिळतं. इथं नॉमिनीच गेलेले आणि तरी मिळालं नाही! नटीचं बक्षीस 'सीता और गीता'च्या हेमामालिनीला गेलं. संगीताचं 'बेईमान'साठी शंकर-जयकिशनना. चित्रपट 'बेईमान', दिग्दर्शक 'बेईमान'चे, नट 'बेईमान'चा आणि सहायक अभिनेता म्हणून प्राण, तोही 'बेईमान'मधलाच.

आणि इथं प्राणने बक्षीस नाकारलं. आपल्यावर अन्याय झाला म्हणून नव्हे; दुसऱ्याचं राहिलं म्हणून. संगीताचा मान गुलाम मोहम्मदचा होता, तो द्यायला हवा होता, हे त्याचं म्हणणं. पडद्यावर जन्मभर खलनायकी केलेल्या माणसाने वारस कसा असावा ते दाखवून दिलं. गुलाम मोहम्मदला बाहुली मिळाली नाही. पण ती मिळाली असती तर आज कुणाच्या लक्षात राहिली असती? बक्षिसांचे नव्वद टक्के मानकरी आपण विसरतो. न मिळालेला हा एक मात्र प्राणच्या नकारासकट आपल्या तोंडपाठ आहे.

त्यानंतर 'शोले'. १९७६ च्या फिल्मफेअरला 'शोले'ची नॉमिनेशनं ढीगभर आणि हाती आलं एक. तेही संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. चित्रपट 'दीवार', दिग्दर्शक 'दीवार'चे यश चोप्रा, सहायक नट 'दीवार'चा शशी कपूर. म्हणजे गब्बरसिंग हरला आणि जिंकला कोण, तर सज्जन फौजदार! नटाचं बक्षीस संजीवकुमारला मिळालं, पण ठाकूर म्हणून नाही, 'आँधी'साठी. आमच्या शाखेत या विषयावर दोन पक्ष आहेत. हेडकॅशियर दीवारवाले, शिपाईमामा शोलेवाले. मामांचं म्हणणं, "काय बोलालाव साहेब, दीवार लई चांगलं हाय, मी कुठं न्हाई म्हणालाव? पण गावातल्या लेकराला झोपवताना आई कुणाचं नाव घेती?" यावर हेडकॅशियरांना उत्तर सुचत नाही आणि ते मामांना चहा आणायला पिटाळतात.

मला स्वतःला त्या एका बक्षिसाचा आनंद आहे. लांबच लांब चित्रीकरण कापून साडेतीन तासांच्या आत बसवणारे शिंदे पडद्यावर कुठंच दिसत नाहीत. कात्री चालवणाऱ्याचं काम आमच्यासारखंच. हिशेब जुळला तर कुणी नाव काढत नाही, चुकला तर सगळे शोधत येतात. पुढे २००५ साली फिल्मफेअरचीच पन्नाशी झाली तेव्हा पन्नास वर्षांतला उत्कृष्ट चित्रपट म्हणून खास पुरस्कार दिला गेला, तो 'शोले'ला. एकोणतीस वर्षांनी का होईना, नोंद दुरुस्त झाली. आमच्याकडे अशा नोंदीला व्याज धरून रक्कम द्यावी लागते.

सगळा इतिहास रडका नाही. १९८० साली नटाच्या यादीत अमिताभ बच्चनची दोन नॉमिनेशनं होती, 'काला पत्थर' आणि 'मिस्टर नटवरलाल'. बक्षीस घेऊन गेला 'गोलमाल'चा अमोल पालेकर. आता हे पालेकर सिनेमात येण्यापूर्वी बँक ऑफ इंडियात नोकरीला होते. अशोक सराफांनीही स्टेट बँकेत वर्षानुवर्षं काढली. अँग्री यंग मॅनला एका बँकवाल्याने हरवलं, ही घटना आमच्या युनियनच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहायला हवी होती. ती लिहिली गेली नाही, कारण लिहिणारा रजेवर असणार.

आणि दादा कोंडक्यांना तर कुणाच्या यादीची गरजच पडली नाही. त्यांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव झाले आणि त्याची नोंद गिनेस बुकाने घेतली. रौप्यमहोत्सव म्हणजे एका थिएटरात पंचवीस आठवडे. यात परीक्षक नाहीत, पाकीट नाही, निवेदिका नाही. वारसांनी नॉमिनीला न विचारता परस्पर काढून घेतलेली ही रक्कम!

मग पुरस्कार हवेतच कशाला, असं तुम्ही म्हणाल. हवेत. दादांना गर्दी मिळाली. सगळ्यांनाच ती मिळत नाही. मघाशी म्हटलेलं सुवर्णकमळ मराठीत परत आलं ते २००३ सालच्या पुरस्कारांत, संदीप सावंत यांच्या 'श्वास'ला. कोकणातले एक आजोबा डोळ्यांच्या कॅन्सरसाठी नातवाला शहरातल्या दवाखान्यात आणतात. ऑपरेशननंतर नातवाला दिसणार नाही, म्हणून त्याआधी त्याला एकदा जग दाखवावं असं त्यांना वाटतं. बस, एवढीच गोष्ट. त्यात नाच नाही, मारामारी नाही, ओळखीचा हिरो नाही. सुवर्णकमळ नसतं तर अशा चित्रपटाला तालुक्याच्या गावी कोण विचारणार होतं? पण आमच्या भागात प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी फाईल काखेत मारून लातूर, सोलापूर, हैदराबाद असं दवाखान्यांच्या दारांत बसलेलं आहे. ते आजोबा आमचेच होते. कोकणी बोलले म्हणून काय झालं?

'श्वास' भारताकडून ऑस्करला गेला, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. तिथं चित्रपट नुसता पाठवून भागत नाही. मतदारांसाठी खेळ लावा, जाहिराती करा, राहा-खा. त्यासाठी लोकांकडून वर्गणी जमवावी लागली. गणपतीची वर्गणी आपल्याला माहीत होती. ऑस्करची पहिल्यांदाच पाहिली. यादीत नाव लागलं नाही. पण मला तो पैसा वाया गेला असं वाटत नाही, कारण ज्याने दहा रुपये दिले तो त्या चित्रपटाचा रीतसर वारस झाला. पुढे 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव' यांनीही सुवर्णकमळ आणलं. 'श्यामची आई' धरून पाच झाली. पाचांतली किती आपण पाहिली, हे ज्याने त्याने मनात मोजावं. मोठ्याने मोजू नये.

कारण मालकी मिळाली की जबाबदारी आली आणि तिथं आपला हिशेब कच्चा आहे. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची निवड झाली. इटलीहून आलेलं ते प्रशस्तिपत्र पुढे गहाळ झालं आणि कुठे सापडलं, तर पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर, कचऱ्यात! ज्याला सापडलं त्याने ते जपून ठेवलं म्हणून २००४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोचलं. तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी नदीतून वर आल्या, असं म्हणतात. त्यांच्या प्रशस्तिपत्राला जरा जास्त दिवस लागले, इतकंच.

कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी हे ओळखलं असावं. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०१२ साली त्यांनी ती बाहुली ऑस्करवाल्यांच्याच अकादमीकडे परत पाठवली. आपल्यामागे ती इथं नीट सांभाळली जाईल याची त्यांना खात्री वाटेना. रवींद्रनाथांचं नोबेल पदक २००४ साली शांतिनिकेतनातून चोरीला गेलंच होतं. बाईंचा निर्णय ऐकून आमच्यातल्या लॉकर-विभागाने मान डोलावली. मला मात्र वाईट वाटलं. घरात सोनं असताना म्हातारीने ते परगावच्या लॉकरात ठेवावं, तेव्हा तिने सोन्याची काळजी केलेली असते आणि वारसांविषयी एक शब्दही न बोलता मत दिलेलं असतं.

आता शेवटचं नाव. दादासाहेब फाळक्यांनी ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लावला. त्यांच्या काळात ना फिल्मफेअर, ना सुवर्णकमळ. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशकात ते गेले. पंचवीस वर्षांनी, १९६९ साली, त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला आणि आज देशातल्या चित्रपटसृष्टीत त्याहून मोठा मान नाही. ज्याला हयातीत एकही बाहुली मिळाली नाही, त्याच्या नावाची बाहुली मिळावी म्हणून भलेभले म्हातारपण लांबवतात. 'राजा हरिश्चंद्र'चा मात्र काही भागच उरला आहे, आणि मूकपटांच्या काळातले बहुतेक चित्रपट तर नावापुरतेच.

बँकेत दहा वर्षं ज्या ठेवीला कुणी विचारत नाही, ती रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. पण बुडत नाही. वारसाने उशिरा का होईना येऊन अर्ज केला की परत मिळते. सिनेमाच्या ठेवीला ही सवलत नाही. फिल्म कुजली की कुजली. म्हणून माझी विनंती एवढीच, की यंदाच्या नॉमिनेशनांवर मनसोक्त भांडा. आमच्या शाखेत तर भांडण सुरू झालेलंच आहे. पण त्यातून वेळ काढून एखाद्या रविवारी तो 'संत तुकाराम' पुन्हा लावा, पोरांना शेजारी बसवा आणि आपला दावा दाखल करा. अर्ज साधा आहे, फोटो नको, साक्षीदार नको. ओळखीचा पुरावा म्हणून तिकिटाचा फाटका अर्धा तुकडा चालेल.